गंगव्वाअक्का आणि हवालदारांचा ढाण्या

गंगव्वाअक्का आमच्या दारात उभ्याने कधी बोलली नाही. दुधाची चरवी खाली ठेवायची, इरकली लुगड्याचा घोळ आवरून उंबऱ्याबाहेर उकिडवी बसायची आणि मग म्हणायची, "दूध आलंय गं." हाकसुद्धा मोठी नाही. घरात कुणी ऐकलं नाही तर तशीच बसून राहायची. मी एकदा विचारलं, "अक्का, जरा मोठ्याने हाक मारली तर?" ती म्हणाली, "मोट्यानं हाक मारली की मानूस दचकून येतंय. दचकून आलेल्या मानसाच्या हातातनं दूध सांडतंय."

मी लग्न होऊन करकंबहून सोलापुरात आले तेव्हा मला सोळावं लागलं होतं. सात रस्त्याच्या अलीकडे आमची आळी. समोरच अक्काचा गोठा. पाच म्हशी, दोन रेडकं, आणि गोठ्यालाच लागून तिची एक खोली. ती लिंगायत गवळ्याची विधवा. मूलबाळ नव्हतं. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, हाताची कोपरापर्यंतची कातडी दुधातुपाने मऊ, तळवे मात्र खरखरीत. वय पन्नासच्या पुढे असेल. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

तिच्या तीन भाषा होत्या आणि तिन्हींची कामं वेगळी होती. आमच्याशी मराठी. भांडायचं असलं की दखनी, कारण तिच्या मते दखनीत भांडण लवकर संपतं. म्हशींशी फक्त कानडी. धार काढताना ती म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून हळू हळू म्हणत राहायची, "बा तायी, बा... अंजबेड, अंजबेड." ये बाई ये, भिऊ नको. पाचही म्हशींना रोज दोन वेळा हे सांगायची. एकदा मी म्हटलं, "अक्का, त्या काही भ्यालेल्या दिसत नाहीत." तर म्हणाली, "भ्यालेली हाय का न्हाय हे तिला ठाऊक. आपलं सांगून ठेवायचं."

आणि ती स्वतः पालीला भ्यायची. पाल दिसली की पन्नाशीची बाई गव्हाणीवर चढून बसायची आणि "यव्वा, यव्वा" करत साऱ्या आळीला गोळा करायची. बायका हसायच्या. तीही हसायची, पण खाली उतरायची नाही. कुणीतरी केरसुणीने पाल घालवली की पदर सारखा करून पुन्हा शेण उचलायला लागायची. भ्याल्याची लाज तिला कधी वाटली नाही. मी मात्र तेव्हा सगळ्याचीच लाज वाटून घेणारी होते, म्हणून मला याचं फार नवल वाटायचं.

तिचा राग वाईट होता. कोपऱ्यावरच्या कापडवाल्याच्या घरी एकदा तिची चंद्री नावाची म्हैस तुळशीकुंडीला तोंड लावायला गेली, तर घरातल्या बाईने तिच्या अंगावर कढत पाणी टाकलं. अक्काने त्या घरचं दूध बंद केलं. कापडवाला स्वतः आला, हात जोडले. अक्का शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. "मालक, मला जोडू नगा," ती म्हणाली. "चंद्रीला जोडा. तिनं व्हय म्हटलं की उद्यापासनं दूध." कापडवाला इकडे तिकडे बघून म्हशीपुढे हात जोडून उभा राहिला. चंद्री रवंथ करत होती. "न्हाय म्हनती," अक्का म्हणाली. महिनाभर त्या घरी काळा चहा झाला.

आता ढाण्याचं सांगते. अक्का मला आठवते ती त्याच्यामुळेच.

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, पोलिसात हवालदार होते. पेन्शन घेतलेली, पण चालणं, बोलणं, खाकरणं सगळं हवालदाराचंच राहिलं होतं. सहा फूट उंची, पायात नालाचे बूट, हातात पितळी मुठीची काठी. ते आळीच्या तोंडाशी आले की बुटांचा आवाज घरात यायचा आणि मी दारामागे जायची. ते मला कधी वाईट शब्द बोलले नाहीत. पण "सूनबाई, पाणी" एवढं जरी म्हणाले तरी तांब्यातलं अर्धं पाणी मी वाटेतच सांडायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आम्ही तिघंच. माझे यजमान मिलमध्ये कारकून होते, ते भोंग्याबरोबर जायचे आणि भोंग्याबरोबर यायचे.

एका वर्षी आळीतून तांब्यापितळेची भांडी चोरीला जाऊ लागली. आमचाही हंडा गेला. हवालदाराच्या दारातला हंडा! मामंजींना ते फार लागलं. त्यांनी माढ्याच्या एका दोस्ताकडून कुत्र्याचं पिल्लू मागवलं. पिल्लू म्हणजे सहा महिन्यांचं झालेलं, लांब पायांचं, अंगावर काळे तपकिरी पट्टे. पट्टे बघून मामंजींनी नाव ठेवलं ढाण्या. "आता बगू कोन येतंय ते," म्हणाले.

ढाण्याला मामंजींची फार भीती वाटायची. बुटांचा आवाज आला की तो कान मागे टाकून, शेपूट पोटाखाली घालून, फरशीवरून सरपटत त्यांच्यापुढे जायचा. जवळ गेला की उताणा व्हायचा, आणि तिथेच शहाबादी फरशीवर ओलं करायचा. मामंजी ओरडले की आणखी. काठी आपटली की आणखी. त्यांनी एकदा मानगूट धरून त्याचं नाक त्या ओल्यात घासलं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की असं केलं म्हणजे कुत्रं शिकतं. तो काही शिकला असेल तर मामंजींना आणखी भ्यायला शिकला.

माझे यजमान संध्याकाळी आले की मात्र तो वेगळाच व्हायचा. नाचायचा, गोल फिरायचा, शेपटीबरोबर सगळं ढुंगण हलवायचा आणि नाचता नाचता थेंब उडवायचा. त्यांच्या धोतरावर, चपलांवर, मी सकाळी काढलेल्या रांगोळीवर. दिवसातून चार चार वेळा मी उंबरा धुवायची. मला तोंडातून शब्द काढायचा नव्हता, कारण कुत्र्याला बोलणं बसलं असतं. पण माझ्या हातातलं फडकं मामंजींना दिसायचंच.

मग एका रविवारी मामंजींचे दोन दोस्त वाघ बघायला आले. तेही पेन्शनर. मामंजींनी ओसरीत घोंगडं टाकलं, शेंगा फोडायला दिल्या आणि रुबाबात हाक मारली, "ढाण्या!" ढाण्या आला. सरपटत आला. तिघांच्या मधोमध उताणा झाला आणि एका दोस्ताच्या बुटावर त्याने जे करायचं ते केलं.

तो दोस्त बूट वर धरून म्हणाला, "हवालदार, ह्यो वाघ न्हाय. झारी हाय झारी."

दुसरा म्हणाला, "चोर आला तर पाय धुऊन मिळतील की!"

हसता हसता त्यांना ठसका लागला. मामंजी हसले नाहीत. दोस्त गेल्यावर त्यांनी मला बोलावून हुकूम दिला. "सूनबाई, कुत्र्याला उन्हाळी लागलीया. धने-जिऱ्याचं पानी द्या. सबजा भिजवा. उष्णता कमी झाली की बंद हुतंय का बगू."

मी वाटीभर धने भिजवले. सबजा भिजवला. ताकात मीठ घालून दिलं. ढाण्याला ते सगळं आवडायचं. तो ते चाटून पुसून प्यायचा. चार दिवसांत काय झालं असेल ते सांगायला नकोच. आधी थेंब होते, आता ओघळ झाले. पाचव्या दिवशी मामंजींचा पाय त्यात घसरला आणि ते भिंतीला धरून उभे राहिले.

"आट दिस," त्यांनी माझ्या यजमानांना सांगितलं. "आटव्या दिवशी माढ्याची गाडी येनार हाय कडब्याची. गाडीवाल्याबरुबर धाडून द्यायचं."

"पण तुमच्या माढ्याच्या दोस्तानं परत नको म्हणून सांगितलंय ना?" हे म्हणाले.

"नगं तर नगं. वाटंत रानात सोडंल त्यो."

माढ्याच्या वाटेच्या रानात तेव्हा लांडगे होते. धनगरांची मेंढरं उचलून न्यायचे. उताणा होऊन पडणाऱ्या कुत्र्याचं तिथे काय होईल, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का दूध घालायला आली तेव्हा मी धने निवडत बसले होते आणि मला रडू येत होतं. तिने विचारलं, "पोट दुकतंय का गं?" मी नाही म्हणून मान हलवली आणि ढाण्याकडे बोट दाखवलं. ती उंबऱ्याबाहेर बसलेलीच होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकेक विचारायला लागली.

"झोपंत अंथरून भिजवतंय का?"

"नाही."

"करताना कन्हतंय? जोर लावतंय? तांबडं दिसतंय?"

"नाही."

"तसं असतं तर ढोरांच्या दवाखान्यात न्यायला लागलं असतं. बरं, एकटं असताना करतंय का असं घरात?"

"एकटा असताना अंगणातच जातो. कुणी आलं की होतं."

"कोन आलं की?"

"मामंजी. आणि... हे आले की."

"हवालदाराम्होरं कान कुटं असत्यात?"

"मागे. चिकटलेले."

"आन तुझ्या नवऱ्याम्होरं?"

"तेव्हा नाचतो."

अक्का हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली, आणि मग माझ्या हातातली धन्याची वाटी काढून घेतली. "ह्ये आमटीत घाल. ह्याला काय रोग न्हाय. येक भ्याचं हाय, येक आनंदाचं. दोनी मनात मावंना झालं की खालून जातंय. त्याला ठाऊकसुद्दा नसतंय कवा गेलं ते."

"पण मामंजी म्हणतात मुद्दाम करतो. अपमान करतो."

"अपमान? अगं, ह्यो रामराम हाय त्याचा! कुत्र्याच्या जातीत ल्हान कुत्रं मोट्या कुत्र्याम्होरं असंच करतंय. मी ल्हान हाय, तुमी थोर हाय, मला चावू नगा, असं म्हनतंय त्ये. आन तुमचा हवालदार रामरामाला काठी घालतुया. मग त्याला वाटतंय, रामराम कमी पडला. म्हून त्ये आनि मोटा रामराम घालतंय."

मी हसले. रडताना हसू आल्यामुळे मला ठसका लागला. मग मी विचारलं, "हे मामंजींना कोण सांगणार?"

"मी सांगती. म्हनावं, गंगव्वानं सांजच्याला धारंच्या टायमाला बोलवलंय. चंद्रीला बगायचंय."

म्हशीबद्दल आपला सल्ला हवा आहे असं वाटून मामंजी खुशीत गेले. मी दुधाचं भांडं घेऊन मागोमाग गेले आणि गोठ्याच्या दाराआड उभी राहिले. अक्का चंद्रीच्या पोटाला डोकं लावून बसली होती. रेडकू सोडून, जरा पाजून, पुन्हा बांधून झालं होतं. चरवीत पहिल्या धारा पडायला लागल्या होत्या. मामंजी बुटांचा आवाज करत आत शिरले, खाकरले आणि म्हणाले, "काय झालंय म्हशीला?"

चंद्रीने मान वर केली. धार थांबली. अक्काने आचळ ओढून दाखवलं, काही नाही. पुन्हा ओढलं. काही नाही.

"पान्हा चोरला," अक्का म्हणाली. "तुमी आलासा आन चोरला. हवालदार, तुमची काठी द्या जरा. हिला दोन घालती."

"खुळी हाईस काय गं तू? मारून म्हस दूध देती व्हय?"

"मग काय करायचं?"

"गप ऱ्हायचं थोडा टाइम. भ्यालीय ती. तिच्या हातात हाय का ते?"

"व्हय," अक्का म्हणाली. "मग कुत्र्याच्या हातात हाय व्हय?"

मामंजींनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग ते म्हणाले, "कुत्रं आन म्हस येक हाय व्हय?"

"भ्या येकच हाय. मानसाचं बी त्येच हाय." अक्का चंद्रीच्या पोटावरून हात फिरवत होती, त्यांच्याकडे बघत नव्हती. "मी नऊ वर्साची आले सासरी. सासू दारात उबी ऱ्हाऊन वरडली की माजं लुगडं भिजायचं. उब्या उब्या. तिला वाटायचं, पोरगी घान हाय, मुद्दाम करती. डाग दिला मला हितं." तिने पोटरीवर बोट ठेवलं. "मग लुगडं आनि भिजायला लागलं. शेवटी तिनं मला म्हशीत झोपायला धाडलं. बरं झालं. म्हशी नाक मुरडत न्हाईत. दोन वर्सं झोपले म्हशीत, आन आपोआप गेलं त्ये."

ही गोष्ट तिने आधी कुणाला सांगितली होती की नाही, मला माहीत नाही. सांगताना तिचा आवाज दुधाचा रतीब सांगावा तसाच होता. मामंजी काठी भिंतीला टेकवून गोठ्यातल्या ओट्यावर बसले. अक्का कानडीत काहीतरी पुटपुटत राहिली. थोड्या वेळाने चरवीत धार पडल्याचा आवाज आला. मामंजी तो ऐकत बसून राहिले. उठले तेव्हा त्यांनी पावलांचा आवाज होऊ दिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून अक्काने आमच्या घराला कवायत शिकवायला घेतली. बूट बाहेर काढायचे. काठी बाहेर ठेवायची. आत आल्यावर कुत्र्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्यावर वाकायचं तर मुळीच नाही. भिंतीकडे तोंड करून खाली बसायचं. तो आपणहून आला तर हात खालून न्यायचा, हनुवटीखाली खाजवायचं. डोक्यावर हात न्यायचा नाही, वरून येणारा हात म्हणजे मार असं त्याला वाटतं. माझ्या यजमानांना तिने सांगितलं, "तुमी तर आल्या आल्या बोलूच नगा. सरळ परसात जावा, त्याला मागनं येऊ द्या, तितं काय नाचायचं ते नाचू द्या. मातीला काय हुतंय?" आणि मला म्हणाली, "तू पुसताना त्याला रागं भरू नगं. आन 'गप, गप, माजं बाळ' असं बी करू नगं. लाड केलं तरी त्याला वाटतंय, कायतरी मोटं झालंय. मुकाट्यानं पुसायचं आन कामाला लागायचं."

"मी माज्या घरात चोरावानी शिरू?" मामंजींनी विचारलं.

"आट दिस शिरा की. चोर हंड्यासाटी शिरतोय, तुमी कुत्र्यासाटी शिरा."

पहिल्या दिवशी मामंजी अनवाणी आत आले, भिंतीकडे तोंड करून बसले आणि भिंतीलाच म्हणाले, "झालं का समाधान?" ढाण्या कोपऱ्यात होता, त्याने कोपरा ओला केला. मी पुसला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मामंजी म्हणाले, "गवळनीचं ऐकून मी खुळा ठरतोय." पण बसले. चौथ्या दिवशी कोपरा कोरडा राहिला. पाचव्या दिवशी पुन्हा ओला झाला, कारण मामंजी शिंकले. सहाव्या दिवशी ढाण्या उठला. पोटाशी शेपूट होती, पण उठला. एक पाऊल पुढे, दोन मागे, असं करत मामंजींच्या मागून आला आणि त्यांच्या मांडीला नाक लावून उभा राहिला.

मामंजी ताठ झाले. भिंतीकडे बघतच त्यांनी हळू आवाजात विचारलं, "सूनबाई, हललो तर जाईल का गं ह्ये?"

त्यांनी मला विचारलेली ती पहिली गोष्ट. मी दारामागून म्हटलं, "हलू नका." मीही त्यांना सांगितलेली ती पहिलीच.

ते हलले नाहीत. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाहीत. अंधार पडायला आला, दिवा लावायचा राहिला.

आठव्या दिवशी सकाळी कडब्याची गाडी आली. मामंजी आळीच्या तोंडाशी दोस्ताशी बोलत होते, तोच तो झारी म्हणणारा. गाडीवाल्याने विचारलं, "कुटंय कुत्रं?" आणि मामंजी बोलण्याच्या भरात वळले आणि जुन्या सवयीने ओरडले, "ढाण्या!"

आवाज साऱ्या आळीत घुमला. ढाण्या उंबऱ्यावर होता. तो तिथेच सपाट झाला, सरपटत अंगणात आला आणि गाडीच्या चाकापाशी उताणा होऊन त्याने ओलं केलं. दोस्त खो खो हसला. "आली की तुमची झारी!" गाडीवाला दोरी घेऊन खाली उतरला. मी दारात होते. माझ्या तोंडातून आवाज निघेना. समोरून अक्का धावत आली, एक हात शेणाने भरलेला, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिने गाडीवाल्याला दखनीत काय काय सुनावलं ते मला लिहिता येणार नाही.

"थांबा गंगव्वा," मामंजी म्हणाले.

ते अंगणात आले. गाडीवाल्याच्या हातातली दोरी घेतली आणि गाडीत टाकली. "गाडी जाऊ द्या. कुत्र्याची चूक न्हाय. चूक माजी झाली. मी वरडलो."

दोस्त म्हणाला, "हवालदार, कुत्र्याची माफी मागताय काय?"

"मागंन की," मामंजी म्हणाले, आणि त्या दोस्ताच्या, गाडीवाल्याच्या आणि दारादारांत उभ्या असलेल्या बायकांच्या देखत, धुतलेल्या धोतरासकट मातीत खाली बसले आणि दुसरीकडे बघत राहिले. ढाण्याला यायला वेळ लागला. गाडीवाल्याने बिडी पेटवली, ओढून संपवली. तोपर्यंत कुणी हललं नाही. दोस्तसुद्धा हसायचा थांबला. ढाण्या आला तेव्हा अक्काने शेणाचा हात मागे नेला आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसले. मग एकदम तिच्या लक्षात आलं की चंद्रीची सकाळची धार राहिलीय, आणि "यप्पा!" म्हणत ती पळाली.

ढाण्या राहिला. वर्षाच्या आत मोठा झाला, छाती भरली, आणि मामंजींपुढचं ओलं करणं संपलं. चोर पुन्हा आला नाही, त्यामुळे तो राखण करतो की नाही हे कळायची वेळ आली नाही. आनंदाचं मात्र थोडं राहिलं होतं. घरात काही गडबड असली, सामान बांधलं जात असलं, पाहुणे आले, की त्याचा अजून एखादा थेंब जायचा.

मी पहिल्या बाळंतपणाला करकंबला निघाले त्या सकाळी असंच झालं. दारात टांगा उभा होता. ट्रंक चढवली, गाठोडी चढवली. ढाण्या टांग्याभोवती गोल गोल फिरत होता, आणि फिरता फिरता त्याने टांगेवाल्याच्या जोड्यावर दोन थेंब टाकले. टांगेवाला चाबूक उगारून म्हणाला, "हवालदारसाहेब, तुमचं एवढं मोटं कुत्रं, आन ह्ये काय?"

मामंजींनी त्याचा हात वरच्या वर धरला. "आनंदाचं हाय त्ये," ते म्हणाले. "भ्याचं वायलं असतंय. तुला काय कळतंय त्यातलं?"

गोठ्याच्या दारात अक्का उभी होती, ती पोट धरून हसली. मग खरवसाची वाटी पदराखाली झाकून टांग्यापाशी आली. वाटी माझ्या मांडीवर ठेवली. मी खाली मान घालून बसले होते. मला भीती वाटत होती. बाळंतपणाची, आणि त्याहून जास्त म्हणजे त्या वेळी माझं काही भलतंच होईल, चार बायकांत लाज जाईल, याची. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती माझ्या पायावर हात ठेवून हळूच म्हणाली, "मोट्यानं वरड तितं. समदी आळी जमली तरी वरड. अंगातनं काय बी जाऊ दे, लाजायचं न्हाय. अडवून धरलं की लई तरास हुतोय. कळलं का?"

मी मान हलवली.

"न्हाय, तोंडानं सांग."

"हो," मी म्हटलं.

टांगा हलला. तेवढ्यात चंद्री रस्त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली होती. अक्काने तिच्या पाठीवर थाप मारली, कानडीत काहीतरी म्हणाली, आणि म्हैस बाजूला होईपर्यंत टांग्याकडे पाठ करून तिला ढकलत राहिली. इरकली लुगड्याच्या काठाला शेण लागलं होतं. ती पुन्हा वळेल म्हणून मी बघत राहिले, पण म्हैस हटायला तयार नव्हती आणि टांगा कोपऱ्यावरून वळला.

मी तीन महिन्यांनी मुलगी घेऊन परत आले तेव्हा नगरपालिकेने आळीतले गोठे उठवले होते. म्हशी घेऊन अक्का अक्कलकोटच्या बाजूला भावाच्या गावी गेली असं मामंजींनी सांगितलं. गावाचं नाव त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं.

करकंबला मी ओरडले होते. आई तोंडावर हात ठेवायला आली, तर तिचा हात बाजूला करून ओरडले. हे अक्काला सांगायचं होतं.